बोरीला जाऊन आलेली गाडी

सेलू,
कार्तिक संपता संपता

प्रिय प्राची,

काल सुकेशनीताई येऊन तुझ्या आईच्या साड्या घेऊन गेल्या. तू म्हणाली होतीस, मी दिवाळीत आले की बघू, बाबा, तुम्ही हात लावू नका. पण दिवाळीत तुझं येणं झालं नाही, आणि ते कपाट उघडं ठेवलं तरी त्रास, बंद ठेवलं तरी त्रास. तुझ्यासाठी सुती साड्या बाजूला काढल्या आहेत, आणि एक इरकल. शाळेत नेसायची ती निळी, बारीक काठाची, सुकेशनीताईंनी स्वतः मागून घेतली. बोरीच्या शाळेत दोघी बरोबर होत्या, जाणं-येणंही बरोबर, त्यामुळं मला नाही म्हणवेना. त्या बैठकीत बसल्याच नाहीत. सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि मला विचारलं, साखर कुठंय? मला सांगता येईना. त्यांनीच दोन डबे उघडून शोधली. मग चहा घेता घेता त्या तुझ्या आईबद्दल बोलत राहिल्या.

बाकी इथलं ठीक आहे. जिनिंगपुढं कापसाच्या गाड्या लागल्या आहेत, रस्ताभर पांढरं उडायलंय. भाद्रपदातल्या पावसानं कापूस काळवंडला, पण जो काही आहे तो लोक आणताहेत. वरण-भात मला जमतो. भाकरी समोरच्या खानावळीतून येते, ती तुझ्या आईसारखी नाही, पण गरम असते. रक्तदाबाची गोळी चुकवत नाही. तुझे फोन येतात, पण हल्ली तू केयूरलाच पुढं करतेस. आजोबा जेवलात का, एवढं विचारून तो पळतो. मग तुझा आवाज येतो तो इतका सांभाळून येतो, की जणू मीच आजारी आहे आणि मला सांगायचं नाही असं ठरलंय. मीही तसाच बोलतो. हवा कशी आहे, पाणी येतं का, आणि ठेवतो.

म्हणून लिहायला बसलो. त्या गाडीबद्दल लिहायचंय. तू तो विषय काढत नाहीस आणि मीही आजवर काढला नाही.

होळीला तू, श्रीनिधी आणि केयूर, तुम्ही तिघं आला होता, तेव्हापासून सुरू करतो. मी तुला मोबाईलवर फोटो दाखवले होते. परभणीचे दत्तराव, यात्रेच्या गाड्या सोडतात ते. त्यांनी एका जुन्या डिझेल ट्रॅव्हलरची बाकडी काढून आत पलंग टाकला, ओटा केला, वर पाण्याची टाकी बसवली, मागं एका कोपऱ्यात संडास केला. पुण्या-मुंबईकडं ज्याला कॅम्पर व्हॅन म्हणतात ती. कुणा हौशी माणसानं सांगून करून घेतली आणि मग त्याचं घ्यायचं रद्द झालं. मी तुला उत्साहानं दाखवत होतो आणि तू विचारलंस, इंजिन कुठल्या सालचं? मी साल सांगितलं. तू फोटो बघायची थांबलीस.

मग तू मला समजावलंस. तुझं कामच ते. चौकाचौकांत यंत्रं लावून हवेत काय आहे ते मोजायचं. जुनं डिझेल इंजिन किती बारीक कण सोडतं, ते छातीत कुठपर्यंत जातात, आणि नव्या नियमांच्या आधीच्या गाडीत ते अडवायची सोयच कशी नसते. मी वाद घातला. विजेवर चालणारी एवढी मोठी गाडी आपल्याला मिळणार नाही, मिळाली तरी जिंतूरच्या पुढं चार्जिंग कुठं करू? गॅसवरची घ्यावी तर टाकीतच सगळी जागा जाते, आणि पंपावरची रांग तू पाहिलीसच. तू म्हणालीस, मग रेल्वेनं जा, लागेल तेव्हा भाड्यानं कार करा. मी म्हणालो, तुझ्या आईला ते जमणार नाही. का जमणार नाही? यावर मी काही बोललो नाही. तेव्हा केयूर आतल्या खोलीत खोकत होता. रात्रभर तू त्याच्या तोंडाला ते वाफेचं यंत्र लावून बसली होतीस. तू म्हणालीस, "बाबा, दिवसभर ज्याच्याविरुद्ध आकडे गोळा करते, ते माझ्याच बापानं दारात आणून उभं करायचं?" आणि मग म्हणालीस, "तुम्हाला हौस आहे, तर हौस आहे म्हणा. आईचं निमित्त कशाला करता?"

प्राची, हौस होती. ते खोटं नाही. निवृत्त झाल्यापासून दुपारी गाडीत संसार थाटून हिंडणाऱ्या माणसांचे व्हिडिओ बघत बसायचो, ते तुझी आईही हसत सांगायची. पण तू ते बोललीस तेव्हा ती तुझ्या मागं दारात उभी होती. हातात पुरणाचं पातेलं होतं, आणि मला मानेनं नको, नको करत होती. तिनं मला शब्दात बांधून ठेवलं होतं. म्हणून मी तुला उत्तर दिलं नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात. मी रागावलो होतो, हेही लपवत नाही. बरेच दिवस रागावलो होतो.

आता तो शब्द मोडतो. ज्याला दिला होता ते माणूस गेलं.

आतड्याच्या ऑपरेशननंतर तू संभाजीनगरला दवाखान्यात तिच्याजवळ होतीस. पोटावर मळाची पिशवी बसवली, ती कशी बदलायची हे नर्सनं तुला आणि मला दोघांनाही शिकवलं. मग तू पुण्याला गेलीस, आणि रोज फोनवर ती तुला सांगायची, आता सवय झाली गं, काही त्रास नाही. सुरुवातीला तसं होतंही. पण मार्गशीर्षात पाथरीला तिच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. ती हौसेनं आली. पंगतीत बसलेली असताना पिशवी सुटली. मंगल कार्यालयाच्या मागं बायकांसाठी एक खोली होती, तिच्या दाराला कडी नव्हती आणि आत पाणी नव्हतं. मी बाहेर पाठ करून उभा राहिलो आणि आत ती माझ्या उपरण्यानं स्वतःला पुसत होती. दोन मुली आत जायला आल्या. मी त्यांना अडवलं. त्या माझ्याकडं आणि मग नाकाला पदर लावून एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणाचा निरोप न घेता आम्ही रिक्षा करून सेलूला आलो. घरी आल्यावर तिनं ती साडी धुतली नाही, जाळून टाकली.

त्यानंतर तुझी आई दवाखान्याखेरीज घराबाहेर पडली नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू नाही, शेजारचं बारसं नाही. भाजीवाल्याला फाटकाशी बोलवायची. तुला हे कळू द्यायचं नाही, असं तिचं म्हणणं होतं. "पोरगी नोकरी सोडून इथं येऊन बसेल," म्हणायची. "आणि तिनं ते बघितलेलं मला आवडणार नाही."

तिच्या शाळेच्या दिवसांबद्दल तुला एक गोष्ट माहीत आहे का कोण जाणे. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाईमाणसांची काय सोय असायची ते वेगळं सांगायला नको. सगळी नोकरी तिनं सकाळच्या घोटभर चहावर काढली. दिवसभर पाणी प्यायची नाही. प्यायलं तर जायचं कुठं? एसटी बदलत घरी आली की आधी मोरीकडं धावायची आणि मग तांबेच्या तांबे पाणी घटाघटा प्यायची. तू लहान होतीस, तुला वाटायचं आईला लय तहान लागते.

दत्तरावांच्या गाडीचे फोटो मी सहज म्हणून तिला दाखवले होते. पलंग बघून ती हसली. ओटा बघून म्हणाली, एवढ्याशा जागेत कणीक कुठं मळायची? मग तो मागच्या कोपऱ्याचा फोटो आला. तो तिनं बोटांनी मोठा करून बघितला. बराच वेळ बघितला. मग विचारलं, "ह्याचं दार आतून लागतं का?"

एवढंच विचारलं तिनं. आणि त्या दिवसापासून मला ती गाडी हवी होती.

तुम्ही गेल्यावर गाडीचा विषय घरात निघाला नाही. चैत्रात दत्तरावांचाच फोन आला. "साहेब, घेऊ नका. पण काकूंना एकदा बसवून तर बघा. दिवसभर फिरवा, मग काय ते बोलू." त्यांनी त्यांचा ड्रायव्हर सिताराम याला सकाळीच गाडी देऊन पाठवलं. मला वाटलं, ती गाडी दारातूनच परत पाठवेल. पण ती तयार होऊन बसली होती. डोक्याला तेल, ती निळी साडी, खांद्याला शाळेची पर्स. कुठं जायचं म्हणून विचारलं तर म्हणाली, बोरीला. मी म्हणालो, अगं, नदीवर जाऊ, देवाला जाऊ. म्हणाली, "मला शाळा बघायचीय. लांबूनच." आणि गाडीत चढायच्या आधी ती माझ्यासमोर उभं राहून पाणी प्यायली. एक भांडं, आणि मग माझ्याकडं बघत मुद्दाम अजून एक.

काय सांगू तुला त्या प्रवासाचं. पलंग खिडकीला लागून होता. मी तिला आडवी हो म्हणत होतो आणि ती लहान पोरीसारखी गुडघे मुडपून काचेला कपाळ लावून बसली होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. गहू निघालेला, कापसाच्या पराट्या उपटून बांधावर टाकलेल्या, सगळं रान उघडं पडलेलं. तिला मात्र प्रत्येक फाट्यावर काहीतरी आठवत होतं. इथं पावसाळ्यात एसटी अडकली होती, इथं सुकेशनीची चप्पल तुटली, इथला कंडक्टर सुट्टे द्यायचा नाही. अर्ध्या वाटेत तिनं गाडी थांबवायला सांगितली. सिताराम म्हणाला, "काकू, तुमी म्हनाल तिथं थांबवतो. आपलीच गाडी हाय." ती मागच्या कोपऱ्यात गेली. मी आणि सिताराम खाली उतरून लांब जाऊन उभे राहिलो. बराच वेळ गेला, मला काळजी वाटायला लागली. मग खिडकीची काच सरकली आणि तिनं आतूनच ओरडून सांगितलं, "अहो, लागतं दार!" आणि हसायला लागली. ऑपरेशननंतर तिचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. सितारामला कळेना काय झालं, पण तोही हसला.

बोरीला पोचलो तेव्हा सकाळची शाळा सुटायच्या बेतात होती. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटायलं होतं. तिला उतरायचं नव्हतं. फाटकासमोर लिंबाखाली गाडी उभी करून ती पडद्याआडून बघणार होती. आत एसी चालू होता. तो इंजिनावर चालतो, इंजिन बंद की तोही बंद. सितारामनं इंजिन चालू ठेवलं होतं, आणि एसी मंदावला की अधूनमधून ॲक्सिलरेटरवर पाय देत होता. घंटा झाली. पोरं बाहेर आली. पडदे लावलेली, आतून गार दिसणारी अशी गाडी त्यांनी कधी बघितलेली नसणार. सगळी मागं जमली, काचेला नाक लावायला. आणि मागंच तर धुराचं नळकांडं.

मी पुढं बसलो होतो, मला काही दिसलं नाही. तिला मागच्या काचेतून दिसत होतं. सितारामनं पाय दिला की खालून काळा लोट यायचा, पोरं खोकायची, तोंडावर दप्तर धरून हसायची आणि पुन्हा काचेशी यायची. एक मुलगी खोकता खोकता खाली बसली. तुझी आई म्हणाली, "इंजिन बंद करायला सांगा." सिताराम म्हणाला, "काकू, बंद केलं की आत भट्टी व्हती बघा. तुमाला न्हाई सोसायचं." ती म्हणाली, "बंद कर, बाबा. लेकरं खोकायलेत." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, विमला, दहा मिनिटं, मग निघूच आपण. तिनं माझ्याकडं वळून बघितलं, आणि तो वर्गात बघायची तसा चेहरा होता. सितारामनं किल्ली फिरवली.

खरंच भट्टी झाली. बघता बघता. तिच्या कपाळावरून घाम निथळायला लागला. आणि मग, प्राची, जी बाई चार महिने दवाखान्याखेरीज फाटकाबाहेर गेली नव्हती ती माझ्या खांद्याला धरून खाली उतरली. त्या सगळ्या पोरांमध्ये. लिंबाच्या सावलीत कुणीतरी खुर्ची आणली. एक तरुण शिक्षिका धावत आली, पाणी दिलं, ते ती प्यायली. खाली बसलेल्या त्या मुलीला जवळ घेऊन तिची पाठ चोळली, नाव विचारलं. पिंकी म्हणाली ती. शाळेतलं नाव सांग म्हणाल्यावर लाजली. आणखी एका पोरीनं सांगितलं, "माझे पप्पा तुमच्या वर्गात व्हते. बन्सीधर." तुझ्या आईला बन्सीधर आठवला. त्याचं शुद्धलेखनसुद्धा आठवलं. पोरं हसून लोळली. तिनं त्या शिक्षिकेला बाजूला बोलवून हळूच विचारलं, बायांच्या संडासाला पाणी आहे का गं? ती बिचारी ओशाळली. म्हणाली, नळ बसवलाय बाई, पाणी नाही.

येताना तिनं एसी लावू दिला नाही. खिडक्या उघड्या, बाहेरची झळ तोंडावर, डोक्याला ओला टॉवेल. तशी ती बसली होती. निम्म्या वाटेवर तिनं टॉवेल पुन्हा भिजवला. मग म्हणाली, "गाडी नको घ्यायला."

मी चिडलो. मला वाटलं, तुझंच बोलणं तिच्या मनात बसलंय. मी म्हणालो, रस्त्यानं हजार ट्रक जातात, आपल्या एका गाडीनं काय फरक पडणार आहे? म्हणालो, तू सगळी नोकरी एसटी स्टँडवर धूर खात काढलीस, आता जरा गार हवेत झोपून गेलीस तर कुणाचं काय बिघडतं? ती म्हणाली, "मी खाल्लाय म्हणूनच म्हणायले." मग म्हणाली, "अहो, मला उन्हाचं सोसत नाही, म्हणजे जिथं थांबू तिथं माझ्यासाठी इंजिन चालू ठेवावं लागणार. कुणाच्या तरी दारापुढं, कुणाच्या तरी शाळेपुढं. मी आत पडदा लावून गार पडून राहायचं आणि मागं लेकरं खोकणार. मला तसं फिरायचं नाही."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोरच दत्तरावांना फोन लावला, गाडी घेतो म्हणायला. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, "दत्तराव, गाडी लय चांगली केलीत तुमी. दार लागतं. पण आमाला नको." आणि फोन ठेवून माझ्या पानात भाजी वाढली.

हे सगळं तुला मी आधी का सांगितलं नाही, ते तू विचारशील. तिला वाटायचं, तुला बरं वाटण्यासाठी तिनं माघार घेतली असा तू अर्थ लावशील. म्हणायची, "माझं डोकं मला नाही का? मी स्वतः बघून ठरवलं. तिला वाटेल तिनं अडवलं म्हणून राहिलं." ती तुला ओळखत होती.

त्यानंतरचे दोन-तीन महिने तू फोनवर आईचा आवाज सुधारलाय म्हणायचीस. तो सुधारलाच होता. बोरीला उतरून आल्यावर तिची भीती मोडली होती. कोपऱ्यावरच्या योगीराजची बॅटरीवरची रिक्षा आहे, ती सांगून ठेवायची आणि संध्याकाळी निघायची. आधी सुकेशनीताईंकडं, मग एकेका जुन्या मैत्रिणीकडं. कुणाकडं गेली की आधी मोरी कुठंय ते बघून घ्यायची, आणि मग निवांत मांडी घालून बसायची. मला बरोबर न्यायची नाही. उशीर झाला तर योगीराजच फोन करायचा, काकू अजून बोलायल्यात म्हणून. पिशवी एकदा पुन्हा सुटली, सुकेशनीताईंच्या घरी. त्यांनी तिला आंघोळ घातली, स्वतःची साडी नेसवली, आणि दोघी जेवायला बसल्या. हे मला काल कळलं, साखर सापडल्यावर.

आषाढात पोटात दुखायला लागलं आणि पुढचं सगळं तुझ्यासमोरच झालं. त्यातली एकच गोष्ट सांगायची राहिली आहे. शेवटच्या आठवड्यात ती तुला सारखी सांगत होती, मी बोरीला जाऊन आले, पोरं लय हसली, मी पाणी प्यायले. तू बाहेर येऊन मला विचारलंस, "बाबा, आईला भ्रम होतोय का?" मी हो म्हणालो. गाडीचं नाव काढायची ती वेळ नव्हती, आणि माझ्यात बळही नव्हतं. पण तो भ्रम नव्हता, बाळ. ती शुद्धीत होती. ती तुला खरं तेच सांगत होती, अगदी जाऊन आल्यासारखं, कारण ती जाऊन आली होती.

आता हे आजच का लिहितोय ते सांगतो. परवा दुपारी दत्तरावांचा फोन आला. म्हणाले, "साहेब, तुमच्या मुलीनं गाडीचा बयाणा पाठवलाय. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या, पण कागद कुणाच्या नावानं करायचे ते विचारल्याशिवाय कसं करू?" मला आधी समजलंच नाही. मग श्रीनिधीला फोन केला. पहिल्यांदा त्यानं विषय टाळला. मग म्हणाला, बाबा, प्राची झोपत नाही, ते आईचं निमित्त नव्हतं, मी तिची शेवटची हौस हिसकावून घेतली असं म्हणत राहते, निदान बाबांना तरी ती गाडी देऊ दे म्हणते. पोरी, फोन ठेवल्यावर मला क्षणभर वाटलं, घ्यावी. पलंगाची ती खिडकीकडची बाजू तरी डोळ्यासमोर राहील. पण ती गाडी जिला हवी होती तिनंच ती परत पाठवली, आणि तुझ्यामुळं नाही, तिच्या मागच्या काचेतून तिला जे दिसलं त्यामुळं. तू तिला खरं सांगितलं होतंस, ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी तपासून घेतलं. आता ते तुझ्या एकटीचं मत नाही, तिचंही आहे, आणि ते तू माझ्यासाठी मोडावंस हे तिला चाललं नसतं. दत्तरावांना आजच फोन कर, बयाणा परत घे, माणूस भला आहे, एका शब्दानं बोलणार नाही. आणि इकडं ये. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, तू पंगती वाढत होतीस, मी येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होतो. तुला आणि मला एकत्र बसून रडायला सवडच मिळाली नाही. मला एकट्याला ते जमत नाही. ये.

तुझी वाट बघणारा,
तुझाच
बाबा